बाबांच्या औषधाबद्दल

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर विचारलंत, "पैसे वाचवायला हलकं औषध देताय का?" तुमच्याभोवती पाहुणे होते, म्हणून तेव्हा बोलले नाही.

तुमच्या या रक्ताच्या कर्करोगावरची (एएमएल) मोठी केमो म्हणजे सायटाराबिन सात दिवस रात्रंदिवस सलाईनमधून आणि सुरुवातीचे तीन दिवस सोबत डॉनोरुबिसिन. १९७३ पासूनची ही जोडी, धडधाकट तरुणाला आजही देतात. पण तिने अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगज, पार रिकामी होते, नव्या पेशी येईपर्यंत आठवडेच्या आठवडे दवाखान्यात. त्यात डॉनोरुबिसिन हृदयाला जड. तुमचं वय ७६, अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टर नको म्हणाले ते यासाठी.

तुमचीही जोडीच आहे: अझासायटिडीनची सात दिवस इंजेक्शनं आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या. रोगट पेशी ज्या प्रथिनाच्या जोरावर मरायचं टाळतात, त्यालाच ही गोळी अडवते. ७५ व त्यापुढच्या किंवा मोठी केमो न झेपणाऱ्या ४३१ रुग्णांवर या जोडीची चाचणी झाली. नुसत्या अझासायटिडीनवर निम्मे रुग्ण ९.६ महिन्यांपुढे गेले, जोडीवर १४.७ महिन्यांपुढे. आकडा लहान आहे, पण तुमच्यापासून लपवणार नाही. आणि पैसेच वाचवायचे असते तर आधी या गोळ्याच टाळल्या असत्या, एवढ्या महाग आहेत!

व्हेनेटोक्लॅक्सच्या चार गोळ्यांची एक केली तीही काटकसर नव्हे. बुरशीवरच्या गोळीमुळे व्हेनेटोक्लॅक्स रक्तात जास्त साठतं, म्हणून मात्रा उतरवली. ती बुरशीवरची गोळी थांबली तर डॉक्टरांना विचारा, मनाने चार सुरू करू नका. आणि उपाशीपोटी घ्यायची नाही, एकादशी असली तरी.

आई, हे तुझ्यासाठी. या औषधांनीही पांढऱ्या पेशी घसरतात. ताप १००.४ झाला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. ताप दबतो, संसर्ग आत वाढतच राहतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढून थेट जळगाव. काकांच्या पोराला सांगून ठेवलंय.

केळीच्या बागेत बाबांनी सध्या जायचं नाही. शेणखतात, कुजलेल्या पानांत बुरशी असते. आखाजीला घर भरेल, तेव्हा लांबूनच नमस्कार. भरीत गरमागरम दे, वरून कच्ची पात नको.

मॅरोच्या (अस्थिमज्जेच्या) तपासणीची तारीख ठरली की कळवा, आदल्या रात्रीच्या गाडीने निघते. तोवर रक्तपेशींच्या तपासणीचे (सीबीसी) कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा, मागच्या वेळी डॉक्टरांपुढे पिशवी उपसावी लागली होती.

तुमची,
माई