माझ्याविषयीचा एक प्रश्न

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली व्यक्तिमत्त्व चाचणी मी रविवारी दुपारी सोडवली. निकाल फोनवर न सांगता लिहून कळवतो आहे, कारण त्यासोबत जे सांगायचे आहे ते माझ्याच्याने तोंडी बोलवणार नाही. चाचणीच्या मते मी अंतर्मुख, तर्काने चालणारा आणि शिस्तीचा माणूस आहे. वाचून बरे वाटले, हे कबूल करतो. तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "यात नवीन काय? हात बघणाराही हेच सांगतो."

तिच्या बोलण्यात तथ्य निघाले. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले, आणि मग उघड झाले की सगळ्यांच्या हाती एकच मजकूर होता व त्यातली वाक्ये भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. माणसांची सोळा प्रकारांत वाटणी करणारी प्रसिद्ध चाचणीही कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवरून बेतली. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीनेही घेतलेले नव्हते. (तुम्ही दोघी मायलेकी आपल्या नातेवाइकांची वाटणी याहून कमी प्रकारांत करता.)

तरीही ती दुपार फुकट गेली असे मी म्हणणार नाही. मधे कुठेतरी एक विधान होते: निर्णय घेण्यापूर्वी मी इतरांचे मत विचारात घेतो. मी 'पूर्ण सहमत'च्या गोलाकडे बोट नेले. तुझी आई मागे बसून शेंगा सोलत होती. ती काहीच बोलली नाही, फक्त टरफले फुटण्याचा आवाज थांबला. माझे बोट तिथेच राहिले, आणि तुझा अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज डोळ्यांपुढे आला.

तुला कला शाखेला जायचे होते. "तुला काय वाटते?" असे मी तुला विचारले होते, हे मला पक्के आठवते, आणि इतकी वर्षे मी त्या आठवणीवर समाधानी होतो. पण तो प्रश्न विचारला तेव्हा शाखेच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'विज्ञान' लिहून झाले होते, हे मात्र रविवारपर्यंत मी स्वतःलाही कधी सांगितले नव्हते. "तुम्ही म्हणाल तसं, बाबा," असे तू म्हणालीस, आणि मी ती तुझी संमती धरली.

चाचणीची सगळी उत्तरे मीच द्यायची असतात, आणि मी स्वतःला जसा समजतो तसाच तिच्यातून परत बाहेर पडतो. ज्यांना माझ्या निर्णयांत राहावे लागले त्यांना ती काही विचारत नाही. म्हणून संध्याकाळी मी फोन तुझ्या आईच्या हाती दिला आणि माझ्याविषयीची सगळी उत्तरे तिला देऊ दिली. शिस्त तेवढी तशीच राहिली, बाकी माणूस बदलला. त्या विधानापुढे तिने 'असहमत' खूण केली; 'पूर्ण असहमत' नाही, हे तिचे औदार्य.

आता तूही माझ्या नावाने ती चाचणी एकदा सोडव. निकाल नाही पाठवलास तरी चालेल, पण त्या एका विधानापुढे काय खूण केलीस, तेवढे कळव.

तुझे बाबा