भवानी पेठेतल्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण आजीचं जुनं लाकडी कपाट तुम्ही पुन्हा उभं केलंत त्याचे तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा सांगू का?" म्हणून विषय बदलता. तुमच्या सूनबाईंना वाचून दाखवायला सांगितलंय, तेव्हा या वेळी सुटका नाही.

साताऱ्याचा वाडा पाडायला काढला तेव्हा त्या कपाटाचे भंगारवाला आठशे रुपये देत होता, तेही आढेवेढे घेत. एक दार निखळलेलं, एक पाय गायब आणि वरून सगळीकडे कॉफी रंगाचा ऑइल पेंट. मी ते टेंपोत चढवलं ते आजीच्या साड्या त्यात असायच्या म्हणून. लाकडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तुमच्याआधी दोघांना दाखवून झालं होतं. एक म्हणाला, सनमायका मारून देतो, ओळखू येणार नाही. दुसरा पेंट घासायचं मशीन बरोबर घेऊनच आला होता. टिंबर मार्केटमागच्या तुमच्या शेडमध्ये आले ती फक्त तिसरा भाव काढायला.

तुम्ही भाव सांगितलाच नाही. खालचा खण ओढून काढलात, पालथा घातलात आणि त्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत बसलात. मग माझा फिरवायला लावलात. डव्हटेलचे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या सांध्याचे दात, हाताने कापलेले, एक जाड तर एक बारीक, पण फटीत नख शिरेना. "खिळा दिसतोय कुठे?" नव्हता. मग पटाशीने आतल्या कडेचा नखाएवढा पापुद्रा काढून माझ्या नाकाशी धरलात. जुन्या चामडी पिशवीसारखा वास. "साग," एवढंच म्हणालात आणि चहा सांगितलात.

पुढच्या चार महिन्यांत तुम्ही मला जितक्या वेळा 'नको' म्हणालात तितक्या वेळा माझ्या आईनेही म्हटलं नसेल. हे आभार मुख्यतः त्या नकारांचे आहेत.

पहिला नकार मशीनला. पेंट कोरडा घासायचा नाही, ती धूळ पोटात जाते, असं म्हणालात. मला तो नसता बाऊ वाटला होता. नंतर वाचलं की जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली तीच नोव्हेंबर २०१७ मध्ये. तुम्ही रिमूव्हर लावून, रंग फुगल्यावर काचेच्या तुकड्याच्या धारेने तो ओलाच खरवडलात. कॉफीखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली राखाडी. आमच्या घराण्याची अभिरुची थरांसकट उघडी पडली.

दुसरा नकार फेविकॉलला. सगळे सांधे गरम पाण्याच्या फडक्याने शेकून सोडवलेत, कारण आत जुना सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक होता आणि तो उष्णतेला, ओलीला सुटतो. परत जोडतानाही सरसच, पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून हळूहळू तापवलेला. (उकळला की मेला, हे मला चारदा ऐकवलंत. तो वास मात्र अजून माझ्या ओढणीतून गेलेला नाही.) मी विचारलं, फेविकॉल जास्त पक्का नाही का? "पक्का आहे, म्हणूनच नको. उद्या पाय पुन्हा हलला तर दुसऱ्या मिस्त्रीला कुसू मोडून काढावं लागेल." पन्नास वर्षांनी येणाऱ्या कुठल्याशा मिस्त्रीची सोय तुम्ही बघत होतात. (कुसू म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, हेही तेव्हाच कळलं.) मी तेव्हा दिवाळीच्या आत कपाट मिळेल का, या काळजीत होते.

मागच्या फळ्या सागाच्या नव्हत्याच. कुणीतरी मध्येच कुठलं तरी हलकं लाकूड मारलं होतं आणि त्यातून भुग्याची बारीक पिठी गळत होती. तिथे तुम्ही पाडलेल्या घराच्या खिडकीची सागवानी चौकट चिरून फळ्या घातल्यात आणि मुद्दाम सरस न लावता खाचेत मोकळ्या सोडल्यात. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. फळी डांबून ठेवली की ती फाटते. हे तुम्ही हाताचा पंजा उघडून-मिटून दाखवलं होतं.

आता दाराची गोष्ट. उजव्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काही खरडलेलं होतं. मी म्हटलं, तेवढं पॉलिश पेपरने काढून टाका. तुम्ही चष्मा लावलात, दार उजेडाकडे वळवलंत आणि मोठ्याने वाचलंत: "सोम. अच्छेर. मंगळ. अच्छेर. बुध. नाही." दुधाचा रतीब! अच्छेर म्हणजे अर्धा शेर. खाली हिशेब आण्यांत. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, म्हणजे लिखाण त्याच सुमाराचं किंवा आधीचं. अक्षर आजीचं. तिला मी कधी लिहिताना पाहिलं नव्हतं. आमच्या घरात तिला फक्त सही येते असंच सगळे धरून चालले होते. काका, मी ते पुसायला निघाले होते. त्या बाजूला तुम्ही कसलाच हात फिरवला नाहीत, नुसती कोरड्या ब्रशने झटकलीत.

पॉलिशच्या वेळी मला चकचकीत हवं होतं, मेलामाइनचं, लग्नाच्या हॉलमधल्या टेबलासारखं. तिथेही नको. स्पिरिटचा बोळा आतल्या कोपऱ्यात घासून दाखवलात, बोट चिकट झालं. मुळात लाखेचं पॉलिश होतं, म्हणून पुन्हा चपडीच, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. कापसाच्या बोळ्यावर फडकं गुंडाळून पातळ हात, वर पातळ हात. मग ऑगस्टची झड लागली आणि तुम्ही काम थांबवलंत, कारण दमट हवेत लाखेवर पांढरट साय धरते. अकरा दिवस मी रोज फोन केला. रोज उत्तर एकच, "पाऊस बघा की बाहेर." त्याबद्दल माफी मागायची राहिली होती, ती इथे मागते.

एकदाच तुम्ही 'हो' म्हणालात. टेंपोत दाराला पोचा पडला होता, तो जाईल का विचारलं तेव्हा. ओलं फडकं ठेवून वर इस्त्री टेकवलीत. चुर्र आवाज झाला आणि दबलेले तंतू वाफेने फुगून वर आले. मी टाळ्या वाजवल्या, तुमचा नातू माझ्याकडे बघतच राहिला.

कपाट मजेत आहे. जुलैत खालचा खण जरा आखडतो, तुम्ही सांगितल्यासारखी त्याच्या कडांना मेणबत्ती घासते. भाऊ परवा येऊन दार उघडून पंधरा मिनिटं उभा होता आणि आता म्हणतो की कपाट खरं तर त्यालाच हवं होतं.

आणि हो, मावशीकडची आरामखुर्ची गुरुवारी टेंपोने पाठवतेय. वेत पार गेलाय, एक हात डुगडुगतोय. मी तिला हातसुद्धा लावलेला नाही.