गेम खपला, शेअर आपटला

महोदय,
व्हिडिओ गेम कंपन्यांचे शेअर डोळे झाकून दीर्घकाळ ठेवावेत, असे सुचवणारा अर्थ पुरवणीतील लेख पटला नाही. खेळणारे वाढताहेत, हे खरेच; पण अनेक कंपन्यांची वर्षानुवर्षांची कमाई एखाददुसऱ्या गेमवर टांगलेली असते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा गेम तीनदा लांबणीवर पडून डिसेंबर २०२० मध्ये आला. दहा दिवसांत १ कोटी ३० लाख प्रती खपल्या. तरीही शेअर कोसळला, कारण जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर) गेम धड चालत नव्हता. कन्सोल बनवणाऱ्या सोनीने तर आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. लेखात नफ्याचे तक्ते भरपूर आहेत. कोणत्या कंपनीचा कोणता गेम किती रखडला आहे, हे मात्र कुठेच नाही.

– एक भागधारक