बर्फाच्या पायथ्याशी काय हवे?

महोदय,

पर्यटन पुरवणीतील औलीचा, म्हणजे उत्तराखंडातल्या बर्फावरच्या स्कीइंगच्या ठिकाणाचा, लेख वाचला. उतार, रोप-वे, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा, सगळे आले. उताराच्या पायथ्याशी स्कीवाल्यांच्या सोयीसाठी असते त्या इमारतीबद्दल मात्र अवाक्षर नाही. आम्हा खान्देशी मंडळींची थंडी भरीत पार्टीपुरती. बर्फात गेल्यावर निम्मा दिवस त्या इमारतीतच जातो.

स्कीचे बूट म्हणजे टणक प्लास्टिक; घोटा धड वाकत नाही. ते चढवून जिना उतरणे ही शिक्षाच. म्हणून भाड्याचे साहित्य, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचे तिकीट आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह एकाच मजल्यावर हवे, तेही बर्फाला लागून. खाली चकचकीत फरशी कशाला? वितळलेल्या बर्फाने घसरगुंडी होते; जाड रबर अंथरा. बूट चढवायला रुंद बाकडी, ओले हातमोजे वाळवायला गरम हवेची खोली हवी. नातवंडांवर नजर ठेवणाऱ्या आजीसाठी उताराकडे तोंड करून मोठी काच असावी.

जेवणाचे म्हणाल तर शेवभाजीचा हट्ट नाही, पण दुपारी एकला, सगळे एकदम आत घुसतात तेव्हा, बूड टेकायला जागा मिळावी. मधल्या आकाराच्या ठिकाणी झुंबरांवर पैसा घालण्यापेक्षा बाकडी वाढवलेली बरी. पुढच्या लेखात हॉटेलांच्या दरांसोबत ही माहितीही छापावी.

— एक वाचक, अमळनेर