पट्ट्याचं बक्कल बाजूला सरकवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं, ताई" म्हणता आणि विषय बदलता. दोनदा झालं हे. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मधेच तोडता यायचं नाही.

त्या दिवशी तुम्ही माझ्या गाडीचा रंग बघायला आलात तेव्हा मी रडकुंडीला आले होते. गाडी मुद्दाम उन्हात काढून ठेवली होती, कारण बॉनेटवरचा गोंधळ सावलीत दिसतच नाही. तुम्ही गाडीपासून चार पावलांवर थांबलात. मनगटावरचं घड्याळ काढलंत, अंगठी काढलीत, दोन्ही पँटच्या मागच्या खिशात टाकलीत. मग पट्ट्याचं बक्कल सरकवत सरकवत पार कुशीला नेलंत, त्यावर शर्ट ओढून घेतलात आणि मगच बॉनेटवर वाकलात. हे चालू असताना तुम्ही माझ्याशी बोलतच होता, गाडी किती सालची, कुठे उभी असते, असं काहीबाही. हात आपले आपण कामाला लागले होते.

काका, मला एकदम भरून आलं. हसू नका. काळी, जुनी, माझ्याशिवाय कुणाला तिचं कौतुक नाही अशी ती गाडी. तिच्याजवळ इतक्या बेताने गेलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आधीचे कसे होते तेही सांगते. पहिल्या ठिकाणी ज्याने गाडी तपासली त्याने आपला मोबाइल बॉनेटवर उपडा ठेवला आणि बोलता बोलता ओढून उचलला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तो दाराला घासतोय. मी त्याला पक्ष्याच्या विष्ठेने पडलेला डाग दाखवत होते आणि तो उत्तरं देत होता माझ्या भावाकडे बघून. भाऊ नुसता सोबत आला होता. त्याला शाम्पू आणि वॅक्समधला फरक विचारा, गप्प बसेल. त्या लोकांनी पॉलिशचं मशीन फिरवून गाडी अशी चकचकीत करून दिली की मी वेड्यासारखे फोटो काढत सुटले. तीनदा धुतल्यावर खरं काय ते दिसलं. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून बसलं होतं, ते निघून गेलं आणि बॉनेटभर धुरकट वळसे तरंगायला लागले. आधी नुसते कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे होते, आता त्यांच्यावर ह्यांच्या मशीनचे हे वळसे, ज्यांना होलोग्राम म्हणतात. तक्रार केली तर म्हणाले, सिरॅमिक कोटिंग करून घ्या, झाकलं जाईल. पारदर्शक कोटिंगखाली काय झाकलं जाणार? उलट जे आहे ते आत जपून ठेवलं जातं.

दुसऱ्या ठिकाणी "अजून एक हात मारू" म्हणाले. मारला.

आणि तिसरी दोषी मी स्वतः. दोघांवरचा विश्वास उडाल्यावर मीच मशीन घेतलं. लोकांचं वाचून, चांगलं, पॅड गोल फिरता फिरता हेलकावेही घेतो त्यातलं, म्हणजे नवशिक्याच्या हातून रंग सहसा जळत नाही. सहसा. बॉनेटच्या कडेला रंग काहीतरी वेगळाच दिसायला लागला, मी मशीन बंद केलं आणि दोन दिवस गाडीवर कव्हर टाकून ठेवलं. बघायचीच हिंमत नव्हती.

वाचणाऱ्यांना कपाटाबद्दल सांगायला हवं. ते एका शाम्पूपासून सुरू झालं. त्याआधी मी गाडी भांड्यांच्या साबणाने, एकाच बादलीतल्या एकाच स्पंजने धूत होते. मग शाम्पू आला, त्याच्यासोबत हातमोजा, मग दुसरी बादली आणि तिच्या तळाशी बसणारी जाळी. मग क्ले, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा. क्ले फिरवल्यावर रंगाला बोट लावलं तर काचेला लावल्यासारखं घसरलं, आणि तिथे मी कामातून गेले. त्यानंतर प्रत्येक अडचणीला एक बाटली असते असा माझा समज झाला. डांबराला एक, पाण्याच्या पांढऱ्या डागांना एक, काचेवर चिकटलेल्या किड्यांना एक. ब्रेकची लोखंडी पूड काढणारा फवारा पहिल्यांदा चाकावर मारला आणि जांभळे ओघळ खाली यायला लागले तेव्हा मी घरच्यांना हाका मारून बोलावलं. ते आले, वास घेतला आणि परत गेले. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाच्या कणांशी रंग धरतं आणि तेच कुजकट घाण मारतं. अशा तीन कंपन्यांच्या बाटल्या माझ्याकडे होत्या. आत गुण तोच, फक्त वास लपवायला घातलेला सुगंध निराळा.

कार्नौबा वॅक्सच्या दोन डब्या होत्या. ब्राझीलच्या ईशान्येकडे एका ताडाच्या पानांवर धरणारं हे मेण. नुसतं घेतलं तर दगडासारखं कडक, ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून त्यात तेल आणि सॉल्व्हंट मिसळून ते लावण्याजोगं करतात. हे सगळं मला पाठ. पण दोनातली एक डबी मी फक्त वास घ्यायला उघडायचे. मेग्वायर्स या गाड्यांच्या पॉलिशवाल्या कंपनीची सुरुवात १९०१ मध्ये फर्निचरच्या पॉलिशने झाली असं वाचलं आणि त्याच रात्री त्यांची आणखी दोन पॉलिशं मागवली, जणू गाडीला इतिहास चोळायचा होता. पॅडचे रंग तर विचारू नका. एका कंपनीचा नारंगी खरडून काढणारा, दुसरीचा नारंगी मवाळ. माझ्याकडे दोन्ही, एकाच पिशवीत.

हे कपाट मी तुम्हाला दाखवणार नव्हते. आत कापड आणायला गेले आणि तुम्ही मागोमाग आलात. दार उघडं होतं.

त्याआधी अंगणात काय झालं ते थोडक्यात. तुम्ही रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलंत आणि सुरुवात केलीत छप्परापासून, जिथे कुणी मशीन लावलेलं नव्हतं. ११८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दारावर ११५. बॉनेटच्या मध्यावर ९६. आणि त्या कडेला ८१. हे यंत्र पत्र्यापासून वरचे सगळे थर मिळून आकडा देतं, त्यातलं क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, किती उरलंय ते सांगत नाही, म्हणून न छेडलेल्या जागेशी ताडून बघायचं, हे तुम्ही मला समजावलंत. मला, भावाला नाही. क्लिअर मुळात साधारण ४० ते ५० मायक्रॉनचं असतं. माणसाचा केसही त्याहून जाड. त्यातले कडेचे पस्तीसेक आम्ही तिघांनी मिळून उडवले होते.

मी विचारलं, "आता काय करायचं?" तुमचं मशीन पेटीत होतं, पेटी उघडी होती. तुम्ही ती बंद केलीत.

"आता इथे कुणालाही मशीन लावू देऊ नका. मलासुद्धा."

काका, तुम्ही इतक्या लांबून आला होतात. एक हलका हात फिरवून, दोन दिवस चमक दाखवून निघून गेला असतात तरी मला काही कळलं नसतं. डाग का जात नाही तेही तुम्हीच सांगितलंत. उन्हात तापून क्लिअर मऊ होतं, गार होताना वाळलेल्या विष्ठेभोवती आवळतं, मग वरची घाण पुसली तरी खाली खळगा राहतो. खळगा काढायचा तर आजूबाजूचं सगळं त्याच्या पातळीला आणावं लागेल आणि तेवढं आता शिल्लक नाही. म्हणजे डाग राहणार. एवढं सरळ मला आधीच कुणी सांगितलं असतं तर कपाटाचे दोन खण रिकामे राहिले असते.

तर कपाट. मला वाटलं आता हसणार. सगळे हसतात. मावशी तर पाहुण्यांना दाखवायला आणते. तुम्ही खाली मांडी घालून बसलात आणि एकेक बाटली उचलून उलटी करून, उजेडात धरून बघायला लागलात. ९३ भरल्या. काहींत तळाला थर बसला होता, हलवला तरी मिसळेना, त्या बाजूला. सिरॅमिकची एक बाटली उघडून तशीच ठेवली होती, तिच्या तोंडाशी काचेच्या कणांसारखे खडे धरले होते. तीही बाजूला. मधेच एखादी हातात धरून "ही चांगली आहे हां" म्हणायचात आणि मला उगाच शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं.

मग ती बाटली आली. साधी फवाऱ्याची, लेबल नसलेली, अर्धी भरलेली. तुम्ही विचारलंत यात काय आहे. मी म्हटलं, चाकांचं काहीतरी, मोठ्या कॅनमधून काढून ठेवलंय, फार जोरदार आहे. तुम्ही ती जिथल्या तिथे ठेवलीत आणि कॅन मागितलात. कॅनवरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा काढून पुसलात. अमोनियम बायफ्लोराइड.

तुमचा आवाज चढला नाही, पण बदलला. हे पाण्यात गेलं की हायड्रोफ्लुरिक आम्ल तयार होतं, कातडीतून आत उतरतं, पातळ असलं तर लगेच आगही होत नाही, तासांनी कळतं, आणि तोवर ते आत पोचलेलं असतं. डॉक्टरकडे जाताना ही बाटली सोबत न्यावी लागेल इतकं ते वेगळं प्रकरण आहे. मी ते दोनदा उघड्या हातांनी वापरलं होतं. हे सांगताना मी बोटं मागे लपवली, शाळेत लपवायचे तशी. तुम्ही म्हणालात, "दाखवा हात." दोन्ही बाजूंनी बघितलेत. "नशीब," एवढंच म्हणालात, आणि जाड मोजे घालून बाटली आणि कॅन दोन्ही पिशवीत, पिशवी झाकणाच्या बादलीत. मोरीत ओतायचं नाही, मी घेऊन जातो, आमच्याकडे रसायनं वेगळी उचलून नेतात, म्हणालात.

ती मला विकणाऱ्याने काय सांगितलं होतं माहितीये? "मॅडम, एकदम कडक माल आहे."

मी यावर बराच विचार केलाय. चांगलं वागणं म्हटलं की आपल्याला मोठमोठ्या गोष्टी आठवतात, कुणी कुणासाठी काय सोडलं वगैरे. मला आजकाल बारीकच दिसतात. लिफ्टमधून उतरताना दार धरून ठेवणारा, इंजेक्शन देण्याआधी कापूस हातात चोळून गार घालवणारी नर्स, दुसऱ्याची वही परत देताना दुमडलेला कोपरा सरळ करणारा. ही माणसं कुणाला दाखवायला ते करत नाहीत, बहुतेकांना आठवतही नसेल. तुम्हालाही बक्कल आठवत नाही, मी फोनवर विचारलं तेव्हा "सवय आहे" म्हणालात. पण ही सवय लागली कशी? कधीतरी कुणाच्या तरी दारावर तुमच्या बक्कलाचा ओरखडा उमटला असेल आणि तुम्हाला रात्री झोप लागली नसेल, असं मी धरून चालते. चुकत असेन तर सांगा.

आता कपाटात १४ बाटल्या आहेत. प्रत्येकीवर उघडल्याची तारीख तुमच्या त्या निळ्या टेपवर, तुमच्याच तिरक्या अक्षरात. चार मी नंतर घातल्या, त्यांवर माझं अक्षर आहे. पंधरावी मागवायची होती, कार्टमध्ये टाकून तीन दिवस ठेवली आणि काढली. (चौथ्या दिवशी परत टाकली आहे. पैसे अजून भरलेले नाहीत.) बॉनेटवर आता फक्त हाताने वॅक्स लावते, त्याच डबीतलं, जिचा नुसता वास घ्यायचे. डाग आहे तिथेच आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतो, दुपारी दिसत नाही.

परवा भाचा गाडी पुसायला मदत करायला आला. त्याच्या पँटला केवढं धातूचं बक्कल. मी म्हटलं, थांब, आधी ते सरकव. त्याने का म्हणून विचारलं तर मला नीट सांगता आलं नाही, नुसतं करून दाखवलं.

आणि हो, तुमचा तो राखाडी टॉवेल, कडेचं लेबल कात्रीने काढलेला, इथेच राहिलाय. वेगळा धुतलाय, सुती कपड्यांत नाही, सॉफ्टनर न घालता, आणि सावलीत वाळवलाय. घ्यायला कधी येताय ते कळवा. गाडी उन्हात काढून ठेवणार नाही यावेळी.

तुमची,
९३ बाटल्यांवाली ताई