तानपुरा तुटू न देणाऱ्या काकांना

ती. काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही उठून चप्पल पायात घालता, म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि तेही उघडं. आमच्याकडचा एकेक फॉल्ट तुम्ही कसा काढलात ते तपशिलात लिहिणार आहे. हौसेने बसवलेली संगीताची यंत्रणा ज्यांच्या घरी मध्येच मुकी होते, घुमते किंवा फोनला सापडतच नाही, त्यांनाही ते उपयोगी पडेल.

आमचे बाबा तुम्हाला ठाऊकच आहेत, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. माझे सासरे मिरजेत जन्मले, मिरजेतच वाढले. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या संगीत सभेला रात्रभर मांडी न मोडता बसायचे. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, तेव्हा बाबांचा जन्मही झाला नव्हता. तरी घरात खाँसाहेबांचं नाव परवाच भेट झाल्यासारखं निघतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बाबा आतल्या खोलीत आणि त्यांच्या सीडी बाहेरच्या कपाटात, अशी ताटातूट झाली. दर वेळी कुणालातरी हाक मारायची, सीडी बदलायला सांगायची. हळूहळू त्यांनी हाक मारणंच सोडलं. आम्हाला ते फार लागलं.

धाकटे दीर बेंगळुरूहून आले आणि त्यांनी सगळं मांडून दिलं. बाहेरच्या खोलीत एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, त्याला हार्डडिस्क, त्यावर लिरियन म्युझिक सर्व्हर, म्हणजे साठवलेली गाणी घरभर पोचवणारं सॉफ्टवेअर. बाबांच्या खोलीत दुसरा पाय, त्यावर डॅकचं (फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारं) छोटं बोर्ड, पुढे बाबांचाच जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. तिसरा स्वयंपाकघरात, माझ्यासाठी. दीर परत गेले आणि आठवडाभरात एकेक दुखणं डोकं वर काढू लागलं. ज्या दुकानात विचारलं तिथे उत्तर एकच, हे सगळं काढा आणि नवीन घ्या. मग तुम्ही आलात, खिशात टेस्टर आणि हातात ती लांबट वही घेऊन.

काका, त्या दिवशी तुम्ही कशालाच हात लावला नाहीत, हे मी विसरणार नाही. बाबांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढलीत आणि मला म्हणालात, "तुम्ही नका सांगू, त्यांना सांगू द्या." बाबांनी तीन गोष्टी सांगितल्या. गाणं नसतानाही काहीतरी घुमतं. मधूनच सगळं बंद पडतं आणि परत सुरू होतं. आणि तानपुरा तुटतो. या तिसऱ्या तक्रारीला आम्ही सगळे "बाबा, वाजतंय की" म्हणून गप्प करत होतो. तुम्ही मात्र ती वहीत लिहून घेतलीत आणि खाली रेघ ओढलीत.

घुमण्याचं आधी. वायरमनने सांगितलं होतं की अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज जाईल. तुम्ही ऐकूनच चिडलात. अ‍ॅम्प्लिफायरचं अंग धातूचं. आत कधी फेज सुटून अंगाला लागला तर ती पिनच माणसाला वाचवते, हे तुम्ही घरातल्या प्रत्येकाला, अगदी शाळकरी मुलीलाही, समजावून दिलंत. मग शांतपणे एकेक वायर काढत गेलात. डॅकची वायर काढली, घुमणं तसंच. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सची केबल काढली आणि खोली एकदम स्वच्छ झाली. केबलवाल्याची कोअ‍ॅक्स वायर गल्लीतून वेगळंच अर्थिंग घेऊन येते, अ‍ॅम्प्लिफायरला घराचं अर्थिंग, आणि सेट टॉप बॉक्समधून दोन्ही एकमेकांना भिडतात. त्या दोन अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला तरी वायरमधून प्रवाह फिरतो आणि आपल्या विजेच्या 50 हर्ट्झचा तो घुमारा स्पीकरमध्ये उतरतो. कोअ‍ॅक्सच्या तोंडाशी अर्थिंगचा दुवा तोडणारा एक छोटा आयसोलेटर बसवून तुम्ही काम संपवलंत. पिन जागच्या जागी आहे.

मधूनच बंद पडण्याची कारणं दोन निघाली, आणि ती दोन खोल्यांत वेगवेगळी होती. आम्ही तोवर सगळा दोष वायफायवर टाकत होतो. बाबांच्या खोलीतल्या पायला मोबाइलचा चार्जर आणि लांबलचक पातळ वायर लावलेली होती. रास्पबेरी पाय 4 ला 5.1 व्होल्ट आणि 3 अँपिअरचा चार्जर लागतो. विजेचा दाब 4.63 व्होल्टच्या खाली गेला की तो कमी दाबाची नोंद करतो. ती नोंद तुम्ही लॉगमध्ये शोधून काढून आम्हाला दाखवलीत. चार्जर बदलला. लोडशेडिंगमध्ये मेमरी कार्ड खराब होऊ नये म्हणून त्या पायवर पाय-कोअर-प्लेअर हे गाणी वाजवणारं छोटं सॉफ्टवेअर घातलंत, कारण ते सुरू झाल्यावर रॅममधूनच चालतं आणि वीज अचानक गेली तरी कार्डावर काही अर्धवट लिहिलेलं राहत नाही. मुख्य सर्व्हरला आणि राउटरला छोटा यूपीएस जोडलात.

स्वयंपाकघरात मात्र खरंच वायफाय होतं, आणि तेही ठरावीक वेळेला. दुपारी मुलं जेवायला आली की गाणं अडखळायचं. तुम्ही ओट्यापाशी उभे राहिलात आणि मला मायक्रोवेव्ह लावायला सांगितलंत. लावला, गाणं थांबलं. बंद केला, सुरू झालं. मायक्रोवेव्हची लहर 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास, आपलं जुनं वायफाय 2.4 च्या पट्ट्यात. ओव्हनमधून बाहेर झिरपणारा थोडासा अंशही शेजारच्या कमकुवत सिग्नलला पुरेसा होतो. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जावं तर आमच्या वाड्याच्या दगडी भिंती आड येतात. तुम्ही म्हणालात, "जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर द्या." मग दूरसंचार खात्यातला तुमचा हात पाहायला मिळाला. माळ्यावरून नेटवर्कची कॅट-6 केबल ओढली, तुळईच्या कडेने क्लिप मारत नेली, दोन्ही टोकांना कनेक्टर दाबून बसवले आणि आठही तारा टेस्टरवर तपासल्याशिवाय खाली उतरला नाहीत. वय विचारलं तर रागावता, म्हणून लिहीत नाही. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरातलं गाणं एकदाही अडलेलं नाही.

फोनला सर्व्हर न सापडण्याचा प्रकार तुम्ही फार चटकन उकललात. फायबरवाल्यांचा एक राउटर आणि आमचा विकतचा दुसरा, असे दोन होते. दोघेही आपापले पत्ते वाटत होते. त्यामुळे घरात दोन वेगळी नेटवर्क झाली होती. फोन सर्व्हरला शोधायला जी हाळी देतो ती एका नेटवर्कच्या बाहेर जातच नाही. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वायफाय देतो, सर्व्हरला कायमचा पत्ता ठरवून दिला, झालं.

आता तानपुऱ्याबद्दल. हे मला सावकाश लिहायचं आहे.

बाबांच्या बऱ्याच सीडींवर बडा ख्याल (संथ, विलंबित लयीतला) हा एक ट्रॅक आणि छोटा ख्याल (जलद, द्रुत लयीतला) पुढचा. गाणारा मध्ये थांबत नाही, तानपुरा तर नाहीच नाही. ट्रॅकची रेघ कंपनीने सोयीसाठी मारलेली असते. सीडीवर ऐकताना ती रेघ कळत नाही. आमच्या यंत्रणेत मात्र विलंबिताची शेवटची सम आली, तबला बदलणार, आणि नेमका त्या जागी एक निसटता खड्डा पडायचा. मला तो ऐकूच येत नव्हता. बाबा त्या जागी डोळे मिटून घ्यायचे. तुम्ही ती जागा चार-पाच वेळा मागे नेऊन ऐकलीत, मग खुर्चीतून पुढे वाकून म्हणालात, "बरोबर आहे त्यांचं. तुटतोय."

कारण तुम्ही मला वहीत काढून दाखवलंत. दिरांनी वर्षांपूर्वी त्या सीडींच्या एमपी3 करून ठेवल्या होत्या. एमपी3 मध्ये आवाज 1152 नमुन्यांच्या (नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप) ठरावीक तुकड्यांत बांधला जातो. सीडीचा ट्रॅक त्या तुकड्यांत अचूक बसत नाही, म्हणून शेवटी उरलेली जागा शांततेने भरतात. सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे एमपी3 बनवणारं सॉफ्टवेअर, थोडी शांतता घालतो. काही एन्कोडर ही भर किती ते फाइलमध्ये नोंदवतात आणि प्लेअर तेवढं कापतो. आमच्या जुन्या फाइलींत ती नोंदच नव्हती. सेकंदाच्या काही शतांश भागाची ती शांतता. सिनेमाच्या गाण्यांमध्ये कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण तिथे गाणं संपलेलंच असतं. खाँसाहेबांच्या 78 आरपीएमच्या ध्वनिमुद्रिकाही तीन-सव्वातीन मिनिटांत संपतात, तिथेही काही बिघडत नाही. पण अखंड चाललेल्या तानपुऱ्यात शांततेचा कणही खड्ड्यासारखा लागतो. त्यात भर म्हणून सेटिंगमध्ये दोन गाणी एकमेकांत मिसळण्याचा पर्याय चालू होता. तो तुम्ही आधी बंद केलात.

उपाय कष्टाचा होता आणि तुम्ही तो टाळू दिला नाहीत. सीडी पुन्हा उतरवायच्या, या वेळी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलींत. सीडीचे सेकंदाला 44,100 नमुने, 16 बिटचे, जसेच्या तसे राहतात, फक्त घडी करून ठेवल्यामुळे जागा साधारण निम्म्यापर्यंत येते आणि एका सीडीला तीन-साडेतीनशे एमबी लागतात. नमुन्यांची संख्या मोजून नोंदलेली असल्याने एक ट्रॅक संपतो तिथे दुसरा लागतो. पहिली सीडी उतरवून झाली, बाबांना लावून दिली. विलंबित संपलं, द्रुत लागलं. बाबांनी डोळे मिटले नाहीत; तुमच्याकडे पाहून हात उचलला आणि समेवर "वाह" म्हणाले. ती दाद गायकाला होती की तुम्हाला, ते तुमचं तुम्ही ठरवा.

काका, आमच्या घरात एवढी शिकलेली माणसं. म्हाताऱ्या माणसाचे कान उतारवयात फसवतात असं आम्ही सहज धरून चाललो होतो. तुम्ही ते कान मीटरइतके खरे मानलेत. बाबा त्यानंतर पुन्हा बोलू लागले आहेत, म्हणजे गाण्याबद्दल. कोण कुठल्या सभेला होतं, कुणी कोणता राग कितीला सुरू केला, हे सगळं. आभार मानायचे ते मुख्यतः याचे.

नावांचं कामही लिहून ठेवते, कारण अनेकांचं तिथे अडतं. यादीत एकच गायक चार ठिकाणी दिसायचा: करीम खाँ, करिम खाँ, करीम खान आणि इंग्रजीत. काही फाइलींची नावं तर नुसती ठिपके आणि कंस. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, युनिकोड या सर्वमान्य लिपी-संकेतात नसलेली. ती हातानेच नीट करावी लागली. एक गंमतीचा फॉल्ट दिरांच्या जुन्या मॅकवरून आलेल्या गाण्यांत होता. 'वाऱ्या' या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा जोडून. डोळ्याला एकच दिसतो, पायवरच्या लिनक्स प्रणालीला मात्र दोन वेगळी नावं. मॅकच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर दुसरा प्रकार साठवला जातो, म्हणून प्लेलिस्टमधली ऱ असलेली तेवढीच गाणी "सापडत नाही" म्हणत होती. हे शोधून काढल्यावर तुमच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आहे. मग रागाचं नाव जॉन्रच्या (गाण्याच्या प्रकाराच्या) रकान्यात घालायची कल्पना बाबांची. आता सकाळी तोडी, भैरव आणि संध्याकाळी पूरिया, मारवा बोटाच्या एका टोकावर असतात, आणि फोन बाबांच्याच उशाशी.

लिरियन सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचेही इथे आभार मानते. स्लिम डिव्हाइसेस या कंपनीचा हा सर्व्हर. 2006 साली ती कंपनी लॉजिटेकने घेतली, 2012 मध्ये त्यावर चालणारी वाजवायची यंत्रं बनवणं थांबलं, तरी खुलं असलेलं सॉफ्टवेअर लोकांनी जिवंत ठेवलं आणि 2024 पासून ते नव्या नावाने चालू आहे. तुम्ही विचारलं होतंत ना, "हे बंद पडलं तर बाबांनी काय करायचं?" हे त्याचं उत्तर. शिवाय फाइली आपल्या डिस्कवर आहेत, आणि दुसरी प्रत तुमच्या सांगण्यावरून दिरांकडे बेंगळुरूला ठेवली आहे.

केबलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ठीक आहे, त्यावर वाद घालत नाही. पण काकूंकडून कळलं की तुमच्या ट्रंकेत रेडिओवरून भरून घेतलेल्या कॅसेट आहेत, आणि टेप बिघडल्यापासून त्या वाजलेल्या नाहीत. आमचा डेक चालू आहे, हेड मी स्पिरिटने पुसून ठेवलं आहे, आणि फ्लॅक करायला आता मला येतं. रविवारी येताना पहिल्या दहा घेऊन या. कुठल्या आधी घ्यायच्या ते बाबा आणि तुम्ही बसून ठरवा.

तुमची,
समोरच्या वाड्यातली सून