दोन चेंडूंचा अंतिम सामना

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. १९३० च्या पहिल्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला चेंडू बदलला आणि म्हणून अर्जेंटिना उरुग्वेकडून हरली, हे खरं का, असं तू विचारलंस. चेंडू बदलला हे खरं. पण हरण्याचं कारण त्या चेंडूत मला निम्मंसुद्धा सापडत नाही. का ते सांगायचं तर आधी तो चेंडूच समजून घ्यायला हवा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

त्या काळचा नियम असा होता: चेंडूचा घेर २७ ते २८ इंच आणि वजन १३ ते १५ औंस, तेही सामना सुरू होताना. या शेवटच्या शब्दांवर बोट ठेव. चामडं पाणी पितं, त्यामुळे ओल्या मैदानावर शेवटच्या पंधरा मिनिटांत चेंडू किती जड होईल यावर नियमाचा काही ताबा नव्हता. कोरड्या मैदानावरही या दोन टोकांमधलं अंतर थोडं नाही. १३ औंस म्हणजे सुमारे ३६८ ग्रॅम आणि १५ औंस म्हणजे सुमारे ४२५. दोन्ही चेंडू नियमात बसतात, पण एक दुसऱ्यापेक्षा पंधरा टक्क्यांनी जड! घेरातला एक इंचाचा फरक नुसता ऐकून किरकोळ वाटतो, पण हवेला आडवं येणारं क्षेत्रफळ त्यानं सात टक्क्यांहून जास्त वाढतं. रोज ज्या चेंडूवर सराव केला त्याच ताकदीनं मारलेला लांब पास मग दोन पावलं आधी किंवा दोन पावलं पुढे पडतो.

आता चेंडू शिवायचे कसे ते बघ. चामड्याचे तुकडे कापून, दाभणानं भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानं उलट्या बाजूनं शिवायचे. शिवण आत जावी म्हणून एका बाजूला चीर ठेवून सगळा चेंडू पिशवीसारखा उलटा करायचा. त्या चिरेतून रबराचा ब्लॅडर आत सारायचा. ब्लॅडरला लांब नळी असायची. पंपानं हवा भरली की नळी दुमडून दोरीनं घट्ट बांधायची, आत दाबायची, तिच्यावर चामड्याची जीभ सरकवायची आणि चीर चामड्याच्या वादीनं बुटाच्या नाडीसारखी आवळून घ्यायची. सगळी गोम या शेवटच्या पायरीत. नळीची गाठ नेमकी वादीखाली येते, म्हणून तिथे उंचवटा राहतो. वादी सैल राहिली तर ब्लॅडर फटीतून डोकावतो आणि फुटतो. हवा जास्त भरली तर शिवण ताणते, घेर वाढतो आणि चेंडू अंडाकृती होत जातो. कमी भरली तर चामडं मऊ पडून पाय रुततो. आणि हेडर मारताना वादीची बाजू कपाळावर आली की कातडी सोलवटून निघते. तेव्हाचे काही खेळाडू डोक्याला टोपी किंवा कापड बांधून उतरत, ते याचसाठी. कॉर्नर किंवा फ्री किक घेताना वादी बुटाखाली येणार नाही अशी फिरवून चेंडू ठेवणं हा त्यातलाच एक धडा.

असा चेंडू प्रत्येक देशात आपापल्या कारागिराच्या हातानं घडायचा, आणि स्पर्धेचा म्हणून एक ठरलेला चेंडू त्या वेळी नव्हता. अर्जेंटिनाला आपला हवा, उरुग्वेला आपला. उरुग्वेचा चेंडू इंग्रजी टी अक्षरासारख्या तुकड्यांचा, जरा मोठा आणि जड. बेल्जियमचे पंच जॉन लँगेनस यांनी तोड काढली: पहिला अर्धा अर्जेंटिनाच्या चेंडूनं, दुसरा उरुग्वेच्या.

एवढ्यावरून हट्ट का, हे मागचा हिशेब पाहिल्याशिवाय कळायचं नाही. ला प्लाता नदीच्या मुखाच्या दोन काठांवरचे हे शेजारी वर्षाकाठी कितीदा तरी समोरासमोर यायचे. १९२४ मध्ये उरुग्वे ऑलिंपिकमधलं फुटबॉल जिंकून आली आणि त्याच सप्टेंबरात अर्जेंटिनाच्या राजधानीत, बुएनोस आयरेसला, तिचा अर्जेंटिनाशी सामना ठरला. गर्दी मैदानात घुसली, सामना थांबला. चार दिवसांनी, २ ऑक्टोबरला, मैदानाभोवती तारेचं कुंपण घालून तो पुन्हा खेळवला. त्यात सेसारेओ ओनसारीनं कॉर्नरवरून थेट गोल मारला. असा गोल ग्राह्य धरायचा नियम त्याच वर्षीच्या जूनमधला. ऑलिंपिक विजेत्यांवर झाला म्हणून तिकडे अशा गोलाला आजही 'ऑलिंपिक गोल' म्हणतात, आणि कुंपणालाही 'ऑलिंपिक कुंपण'. पुढे १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत हेच दोघे. पहिला सामना १-१, तीन दिवसांनी फेरसामना उरुग्वेनं २-१ नं घेतला. १९२९ ला दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत अर्जेंटिनानं २-० नं परतफेड केली. म्हणजे ३० जुलै १९३० ला दोघांपैकी कोणालाच कोणाची चाल नवीन नव्हती. उरलं काय, तर चेंडू, मैदान आणि पंच. भांडण त्यावरच होणार होतं.

मैदान उरुग्वेच्या राजधानीतलं, मोंटेव्हिडिओचं सेंतेनारिओ. उरुग्वेच्या राज्यघटनेच्या शताब्दीसाठी बांधलेलं, पण पावसानं काम लांबलं आणि स्पर्धा सुरू झाल्यावर पाच दिवसांनी, १८ जुलैला, ते खुलं झालं. अंतिम सामन्याला अर्जेंटिनाहून हजारो लोक रात्रीच्या बोटींनी निघाले. नदीच्या मुखावर दाट धुकं पडलं आणि कित्येक बोटी वेळेत पोचल्याच नाहीत. दारावर प्रत्येकाची झडती होत होती, पिस्तुलं शोधायला. लँगेनस यांनी पंचगिरी पत्करताना सुरक्षेची हमी आणि सामन्यानंतर लगेच सुटायला बोट तयार ठेवण्याची अट घातली होती. गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार, कोट, टाय अशा वेषात ते मैदानावर आले.

आता खेळाकडे ये. दोन्ही संघ त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दोन बॅक (बचावाला), तीन हाफ (मधल्या फळीत), पाच फॉरवर्ड (चढाईला) अशा रचनेत. १२ व्या मिनिटाला दोरादोनं उरुग्वेला पुढे नेलं. इथेच थांब आणि बघ, हा गोल अर्जेंटिनाच्या चेंडूनं झाला! २० व्या मिनिटाला पेउसेयेनं बरोबरी केली, ३७ व्या मिनिटाला स्ताबिलेनं २-१. हा ऑफसाइड आहे म्हणून उरुग्वेचा कप्तान नासासी पंचांशी भांडला, पण गोल कायम राहिला. मध्यंतरानंतर उरुग्वेचा चेंडू आला. ५७ व्या मिनिटाला सेआ, ६८ व्या मिनिटाला इरिआर्ते, ८९ व्या मिनिटाला कास्त्रो. ४-२.

गुणफलक असा मांडला की चेंडूची गोष्ट आपोआप जुळते, आणि म्हणूनच ती इतकी पसरली. पण मी दुसरीकडे बोट दाखवतो. अर्जेंटिनाचा उजवा इनसाइड फॉरवर्ड फ्रान्सिस्को वारायो, वय २०. गुडघा दुखावलेला, म्हणून उपांत्य सामन्यात त्याच्या जागी स्कोपेली खेळला होता. अंतिम सामन्याला त्याला उतरवलं आणि गुडघ्यानं पुन्हा दगा दिला. तेव्हा बदली खेळाडूची सोयच नव्हती, विश्वचषकात ती आली १९७० ला. लंगडता माणूस मैदानावरच राहायचा आणि संघ दहा जणांचा व्हायचा.

आता हे कागदावर काढून बघ. पाच फॉरवर्डांच्या रचनेत इनसाइड फॉरवर्डचं काम दुहेरी. चढाईत विंगर (कडेचा फॉरवर्ड) आणि सेंटर फॉरवर्ड (मधला) यांच्यातला दुवा व्हायचं, आणि चेंडू गेला की मागे येऊन आपल्या बाजूच्या हाफला हात द्यायचा. वारायोच्या समोर उरुग्वेचा डावा हाफ हेस्तीदो. वारायो थांबला की हेस्तीदो मोकळा. तो मोकळा झाला की त्याच्या पुढची जोडी, डावा इनसाइड आणि डावा विंगर, यांना चेंडू सुखानं मिळतो, आणि अर्जेंटिनाचा उजवा हाफ हुआन एवारिस्तो दोघांच्या मधे एकटा सापडतो. ती जोडी कोण? सेआ आणि इरिआर्ते. दुसऱ्या अर्ध्यातले पहिले दोन गोल याच दोघांचे. हा माझा तर्क आहे, पण चेंडूच्या गोष्टीपेक्षा मला तो कितीतरी भक्कम वाटतो. शिवाय अर्जेंटिनाचा सेंटर हाफ (मधला हाफ) मोंती याला सामन्याआधी जिवाच्या धमक्या आल्या होत्या आणि तो नेहमीसारखा अंगावर जाऊन खेळला नाही. त्या रचनेत सेंटर हाफ म्हणजे संघाचा कणा. तो मागे सरला की समोरच्यांना मैदानाचा मधला पट्टा आंदण मिळतो.

चेंडूचा वाटा अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मोठा, जड चेंडू ओळखीचा असणाऱ्याला थांबवायला सोपा आणि लांबून मारायला भरवशाचा. इरिआर्तेचा गोल लांबूनच होता. आणि शेवटचा कास्त्रोचा गोल डोक्यानं. हा एक्तोर कास्त्रो लहानपणी विजेच्या करवतीत उजवा हात कोपराखाली गमावलेला. हेडरसाठी उडी घेताना आपण दोन्ही हात फेकून तोल धरतो, धक्का देणाऱ्या बॅकला हातानंच अंतरावर ठेवतो. त्याला ते एका बाजूनं जमत नव्हतं, आणि समोरून येत होता वादीचा जड चेंडू. तरी त्यानं अर्जेंटिनाचा गोलरक्षक बोतासो याला चकवलं. सेंतेनारिओवरचा अगदी पहिला गोलही त्याचाच, पेरूविरुद्ध.

दुसऱ्या दिवशी उरुग्वेत राष्ट्रीय सुट्टी, तर बुएनोस आयरेसमध्ये उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक.

तुला आवडेल असं एक राहिलं. पुढच्याच वर्षी, १९३१ ला, अर्जेंटिनातल्या कोर्दोबा प्रांतात बेल व्हिल गावी पोलो, तोसोलिनी आणि व्हाल्बोनेसी या तिघांनी वादी नसलेला चेंडू काढला. ब्लॅडरला नळीऐवजी आतच बसणारी झडप, तिच्यात बारीक सुई घालून हवा भरायची आणि सुई काढून घ्यायची. चीर नाही, गाठ नाही, उंचवटा नाही, आणि कपाळही शाबूत. आज तुझ्या मुलांच्या चेंडूत पंपाची सुई घालतोस ना, ती तीच युक्ती. सुई घालण्याआधी ओली करून घे, कोरडी घुसवली की झडप फाटते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र पाठव.

तुझाच,
नाना